कळस, गाभारा आणि ऑक्सफर्ड : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

ऑक्सफर्डमध्ये फुकटात काय काय पाहता येतं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुम्ही म्हणता, "कॉलेजांच्या आत पाऊल न टाकता ऑक्सफर्ड पाहिलं म्हणणं म्हणजे गाभाऱ्यात न जाता कळसाला नमस्कार करून परतणं. लिहिण्याआधी थोडा अभ्यास करत जा." पुढे कॉलेजांची तिकिटं आणि वेळा, पिट रिव्हर्स या जगभरच्या वस्तूंच्या संग्रहालयातला 'लुटीचा माल', आणि होडी केंब्रिजलाच चांगली, हे तीन मुद्दे. त्यांच्याकडे येतोच. आधी हे 'अभ्यास करत जा'.

मतभेद असू द्या, पण ओळखदेख नसताना हा मास्तरकीचा सूर कशाला? बायकोच्या नोकरीपायी मी त्या गावात राहिलोय. तिचा पगार घरभाड्यात जायचा, आणि मी लेकीला बाबागाडीत घालून, खिशाला चाट न लावता दुपार कुठे काढता येईल ते शोधत हिंडायचो. माझा अभ्यास तो. तुमचा कुठला, ते प्रतिक्रियेत दिसलं नाही.

आता कळस. आषाढीला पंढरपुरात कळस पाहून माघारी फिरणाऱ्यांची वारी फुकट गेली, असं म्हणायची तुमची छाती आहे का? ऑक्सफर्डची निम्मी मजा रस्त्यावरच आहे. क्राइस्ट चर्च कॉलेजच्या टॉम टॉवरमधली घंटा रात्री नऊ वाजून पाच मिनिटांनी 101 ठोके देते. कॉलेजात मुळात 100 विद्यार्थी होते, पुढे एक वाढला, त्यांचा एकेक. वरची पाच मिनिटं अशासाठी, की ऑक्सफर्डची जुनी स्थानिक वेळ ग्रिनिचच्या पाच मिनिटं मागे होती आणि ही घंटा अजून तीच पाळते. समोरच्या फुटपाथवर उभं राहून मोजायला घ्या. माझी लेक थोडी मोठी झाल्यावर मोजायची, तिशीच्या पुढे हमखास चुकायची, आणि चुकली की पुन्हा एकपासून. याला तिकीट नाही. ब्रॉड स्ट्रीटच्या टोकाला जुन्या इंडियन इन्स्टिट्यूटच्या माथ्यावर वाऱ्याबरोबर फिरणारा हत्ती आहे, तो मान वर केली की दिसतो. 1 मेला सकाळी सहा वाजता मॉडलिन कॉलेजच्या मनोऱ्यावरून गायकवृंद गातो, तेव्हा ऐकणारी सगळी गर्दी खाली पुलावर आणि रस्त्यावर असते. आत नव्हे, बाहेर!

आणि आत गेलं की सगळं पदरात पडतं, असंही नाही. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी 1889 मध्ये समरव्हिल कॉलेजात गेल्या, 1892 मध्ये कायद्याची बीसीएल परीक्षा दिली. पण ऑक्सफर्डने 1920 पर्यंत बायकांना पदवीच दिली नाही. बाईंच्या हाती ती पडली 1922 मध्ये. त्या तर चांगल्या गाभाऱ्यात होत्या.

तिकिटांचं आणि वेळांचं तुमचं म्हणणं मान्य. परीक्षांच्या दिवसांत बरीच कॉलेजं पाहुण्यांना बंद असतात, एरवीही वेळा बदलतात. ती ओळ लेखात घातली आहे. दर घालणार नाही, ते टिकत नाहीत.

पिट रिव्हर्सचं म्हणाल तर तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. माणसांची आकसवलेली मुंडकी त्यांनी 2020 मध्ये प्रदर्शनातून हलवली, हे मलाही ठाऊक आहे. माझा लेख तिथे फिरण्याच्या मजेवर होता: देशवार नव्हे तर प्रकारवार मांडणी, म्हणजे जगभरची वाद्यं एकीकडे, मुखवटे एकीकडे, वस्तूंवर बारीक हस्ताक्षरातल्या चिठ्ठ्या, आणि कपाटांखालचे खण स्वतःच्या हाताने ओढून बघायची मुभा. त्यात तुम्हाला फक्त लूट दिसली असेल तर माझा इलाज नाही.

राहिली होडी. ऑक्सफर्डला लांब काठीने होडी ढकलणारा होडीच्या आत उभा राहतो, केंब्रिजला मागच्या फळीवर चढून. तुम्हाला केंब्रिजची फळी लखलाभ. पुढची प्रतिक्रिया 'अभ्यास करा'ने सुरू झाली, तर ती प्रसिद्ध होणार नाही.