वेबहुक आलाय ना? मग खराच असणार!

वेबहुक म्हणजे 'पैसे आले' असा पेमेंट गेटवेने तुमच्या सर्व्हरला आपणहून धाडलेला निरोप. त्याची सही, म्हणजे तो खरंच गेटवेकडून आल्याचा पुरावा, तपासायची? छे! पेमेंट गेटवेचं नाव सांगून कुणी दारात आलं की आधी आत घ्यावं, पाणी विचारावं. तपासणी करायला आपण काय पोलीस आहोत?

नौपाड्यातल्या एका काकूंचं फराळाचं ऑनलाइन दुकान गेल्या आठवड्यात आमच्या महाप्याच्या ऑफिसात आलं. कोड आधीच्या कुणाचा तरी. त्यात सही तपासायचं फंक्शन होतं बरं का! नावही झकास, 'व्हेरिफाय सिग्नेचर'. आत एकच ओळ: रिटर्न ट्रू, म्हणजे काहीही आलं तरी 'खरं आहे'. वर कमेंट: 'लाइव्ह जायच्या आधी बघू.' या कृपेने चकलीचे सहा डबे घोडबंदर रोडला पोचले आणि पैसे कुठेच पोचले नाहीत. कुणीतरी त्या यूआरएलवर 'पेमेंट झालं' असा जेसन (मजकुराच्या रूपातला डेटा) धाडला होता, बस्स.

हा वारसा तुम्हालाही चालवायचा असेल तर घ्या लिहून.

सीक्रेट, म्हणजे सहीसाठीची तुमच्यात आणि गेटवेतली गुप्त किल्ली, थेट कोडात लिहा आणि कोडच्या जुन्या आवृत्त्याही जपणाऱ्या गिटवर ढकला. टीममध्ये लपवाछपवी नको.

सह्या जुळवायला साधं डबल इक्वल लावा. कॉन्स्टंट टाइम कम्पेअर (किती अक्षरं जुळली ते लागलेल्या वेळावरून कळू न देणारी तुलना) वगैरे रिकामटेकड्यांचे उद्योग.

टाइमस्टॅम्प, म्हणजे रिक्वेस्ट कधी निघाली ती वेळ, बघूच नका. स्ट्राइप या पेमेंट गेटवेची लायब्ररी ५ मिनिटांहून जुनी रिक्वेस्ट नाकारते. कोत्या मनाची! आपल्याकडे मार्चमधली रिक्वेस्ट जशीच्या तशी ऑगस्टमध्ये आली तरी माल पुन्हा पाठवायचा.

आता मुख्य विधी. आलेली बॉडी (रिक्वेस्टमधला मजकूर) आधी पार्स करा, म्हणजे फोडून डेटा बनवा, मग तिचा पुन्हा जेसन बनवा आणि त्याच्यावर एचमॅक, म्हणजे सीक्रेट वापरून बनणारी सही, काढा. जुळणार नाहीच. समोरून ४९९.०० आलं होतं, तुमच्याकडे ते ४९९ झालं. कुठे एक स्पेस गेली, कुठे स्लॅशच्या आधीचा उलटा स्लॅश गेला. एचमॅक बाइट्सवर निघतो, त्याला तुमचा भावार्थ कळत नाही. मग तीन तास डोकं आपटा, सीक्रेट दोनदा बदला, गेटवेच्या सपोर्टला शिव्या घाला आणि रात्री अकराला, शेवटची ट्रेन चुकू नये म्हणून, लिहा रिटर्न ट्रू. 'चाललं रे!' अरे काय चाललं? वेब फ्रेमवर्क एक्सप्रेस असेल तर त्या एका रूटला एक्सप्रेस डॉट रॉ लावायचं, बॉडी आली तशीच मिळते. जँगोत रिक्वेस्ट डॉट बॉडी आयती असते. आधी सही, मग पार्स. एवढ्यासाठी काकूंच्या चकल्या?

'आमच्याकडे एचटीटीपीएस आहे' म्हणणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार. वाट झाकली म्हणून दारात कोण आलंय ते कळत नाही.

आमच्या सोसायटीचा वॉचमन रोजच्या दूधवाल्यालासुद्धा फ्लॅट नंबर विचारतो. त्याला कुणी आर्किटेक्ट म्हणत नाही.

पुरे झाली थट्टा. एचमॅकचा आरएफसी २१०४ हा तांत्रिक दस्तऐवज १९९७ सालचा आहे. तुमच्यातल्या निम्म्यांच्या जन्माआधीचा! जवळपास प्रत्येक प्रोग्रामिंग भाषेत एचमॅक तयार मिळतो. काकूंनी मला फोन करून विचारलं, "माझंच काही चुकलं का रे? मोबाइलवर पेड दिसत होतं." काय सांगू त्यांना? की ज्याला तुम्ही पैसे मोजलेत त्याला घरी जायची घाई होती?

लाज वाटू दे जरा. ती फाइल उघड, रिटर्न ट्रू काढ. मुद्दाम खोटी सही पाठव आणि ४०१ (नकाराचा कोड) येतो का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ. आणि सीक्रेट बदल, जुनं गिटच्या हिस्टरीत अजून तसंच पडलंय.