पेट्या उचलणाऱ्यांचीही नावं कोरा

आमच्या गावात सध्या स्मारकाची चर्चा आहे. शाळेसमोरच्या मोकळ्या जागेत चौथरा, त्यावर बंदूक घेतलेला जवान, बाजूला झेंड्याचा खांब. माझा याला अजिबात विरोध नाही. गावातली पोरं पहाटे अंधारात डांबरी रस्त्यावर धावतात ती भरतीसाठीच, आणि जी सीमेवर गेली त्यांचा मान पहिला. पण वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या, म्हणजे लष्कराच्या दारूगोळा डेपोच्या पंचक्रोशीत राहून आपण युद्धाचं स्मारक उभारणार आणि त्यावर दारूगोळ्याच्या पेट्या उचलणाऱ्या एकाही माणसाचं नाव नसणार, हे मला पटत नाही. पोस्ट लांब आहे, पण ग्रामसभेच्या आधी वाचा.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये 'मेरी माटी, मेरा देश' अभियानात गावोगावी शिलाफलक लागले. देशासाठी प्राण देणारे स्वातंत्र्यसैनिक, जवान, पोलीस यांची नावं त्यावर आली. चांगलं काम झालं. पण डेपोतला हमाल, दारूगोळा कारखान्यातला कामगार, कोळशाच्या खाणीतली बाई यांना त्यात कुठं बसवायचं? आजवर आपण हा प्रश्न विचारलाच नाही.

देशातला सर्वांत मोठा दारूगोळा डेपो आपल्या पुलगावात आहे. जवळपास सात हजार एकरांचा पसारा. भंडाऱ्याजवळ जवाहरनगर, चंद्रपूरकडे भद्रावती, नागपूरला अंबाझरी, असे तीन मोठे आयुध निर्माणी कारखाने साठच्या दशकापासून विदर्भात उभे आहेत. सीमेवर कुठंही तोफ उडाली की तिचा काही ना काही भाग आपल्याकडून गेलेला असतो. सीमा इथून हजार किलोमीटर लांब आहे म्हणून विदर्भानं युद्ध पाहिलंच नाही असं बोललं जातं, ते चूक आहे. आपण युद्ध मागच्या बाजूनं पाहिलं.

माझे मोठे बाबा १९७१ मध्ये रोजंदारीवर वॅगन भरायला जायचे. शाळेच्या पुस्तकात ती लढाई ३ डिसेंबरला सुरू झाली आणि १६ डिसेंबरला संपली. त्यांची लढाई पोळ्याच्या आसपासच सुरू झाली होती. एकाएकी माणसं जास्त बोलवायला लागले, रात्रपाळी लागली. गेटवर झडती व्हायची. काडीपेटी, बिडी तिथंच ठेवायची, तंबाखू चालायची. लाकडी पेटी, दोन्ही टोकांना सुंभाच्या दोरीचे कान, दोघांनी मिळून उचलायची. मोठे बाबा सांगायचे, "एकाचा हात सुटला तरी दुसऱ्यानं सोडाची नाई. गाडी लागली का उजाडाच्या आत भरून द्या लागे." त्यांच्या उजव्या हाताच्या चार बोटांच्या मुळाशी त्या दोरीचे घट्टे शेवटपर्यंत होते. पऱ्हाटी वेचून, डवरं धरून सगळ्यांच्याच हाताला घट्टे पडतात, पण हे वेगळ्या जागी होते आणि ते आम्हाला मुद्दाम दाखवायचे. पेन्शन नाही, पदक नाही, रोजंदारीचा एक कागदसुद्धा घरात नाही. १६ डिसेंबरला गावात विजय दिवस साजरा होतो तेव्हा माजी सैनिकांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो. मोठे बाबा समोर सतरंजीवर बसून टाळ्या वाजवायचे.

आणि ज्यांचा जीव गेला त्यांचं काय? ३१ मे २०१६ ची रात्र पुलगावकर विसरणार नाहीत. डेपोत टँकविरोधी सुरुंगांना आग लागली, धमाक्यांनी लांबलांबच्या खेड्यांतली तावदानं फुटली, आगरगाव, नागझरीची माणसं लेकरं काखेत घेऊन अंधारात बाहेर पळाली. दोन लष्करी अधिकारी गेले. पण मेलेल्यांत सगळ्यांत जास्त होते ते आग विझवायला आत धावलेले अग्निशमन कर्मचारी. सगळे पळत होते तेव्हा ते उलट्या दिशेनं गेले. मग २० नोव्हेंबर २०१८. सोनेगाव आबाजीजवळ जुना दारूगोळा निकामी करायच्या जागी पेट्या उतरवताना स्फोट झाला. सहा जण गेले, त्यांत आसपासच्या खेड्यांतले मजूर होते. २४ जानेवारी २०२५ ला जवाहरनगरच्या कारखान्यात स्फोट होऊन छत कोसळलं, आठ कामगार गेले. प्रत्येक वेळी दोन दिवस टीव्हीवर बातमी, नेत्यांची भेट, मदतीची घोषणा. नंतर ती नावं फक्त त्यांच्या घरच्या भिंतीवर, हार घातलेल्या फोटोखाली.

कोणी म्हणेल, हे तर शांततेतले अपघात. मला ही फोड मान्य नाही. दारूगोळा युद्धाच्या दिवशी तयार होत नाही. तो आधी दहा-वीस वर्षं कोणी तरी भरतो, मोजतो, राखतो, जुना झाला की मातीत पुरून उडवतो. त्या कामात मेलेला माणूस देशाच्याच कामात मेला.

यातलं सगळ्यांत विसरलेलं पान बायांचं आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, कोळशाचा तुटवडा पडला. बायांना खाणीत जमिनीखाली उतरवायचं नाही अशी बंदी काही वर्षांपूर्वीच आली होती. सरकारनं ती उठवली, आणि आपला तेव्हाचा मध्य प्रांतही त्यात होता. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, कोळसा खाणी याच प्रांतातल्या. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं तेव्हा बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. १९४४ मध्ये कायदेमंडळात यावर जोरदार टीका झाली, तेव्हा ही आणीबाणीची सोय आहे आणि या बायांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल, अशी त्यांची बाजू होती. १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. रेल्वे चालावी, गिरण्या चालाव्या, म्हणून खाणीच्या काळोखात उतरलेल्या बाया त्यानंतर कुठं गेल्या? घरी गेल्या, रोवणीला गेल्या, तेंदूपत्त्याला गेल्या. आज त्यातल्या एकीचंही नाव आपल्याला माहीत नाही.

दुसरीकडे असं होऊ शकलं आहे. १९७१ मध्ये भुजच्या हवाई दलाची धावपट्टी बाँबनं उखडली, तेव्हा शेजारच्या माधापर गावातल्या सुमारे ३०० बायांनी ती तीन दिवसांत दुरुस्त करून दिली. विमानं दिसली की झाडोऱ्यात लपायचं, गेली की पुन्हा कामाला लागायचं. माधापरमध्ये आज त्यांचं वीरांगना स्मारक उभं आहे. लंडनमध्ये व्हाइटहॉल रस्त्यावर २००५ साली दुसऱ्या महायुद्धातल्या बायांचं स्मारक झालं. काळ्या खांबाच्या चारी बाजूंना खुंटीला टांगल्यासारखे १७ पोशाख, कोणी नर्स, कोणी कामगार, कोणी शेतावर राबणारी. चेहरा नाही, नाव नाही. कल्पना देखणी आहे, पण मला ती अपुरी वाटते. लाखो बायांसाठी तसं करावं लागलं असेल. आपल्या गावात माणसं मोजकी आहेत आणि ज्यांना ती नावानं आठवतात असे बुढे-बुढ्या अजून ओसरीवर बसलेले आहेत. आपल्याला नावंच कोरली पाहिजेत.

स्मारकाच्या बैठकीत एका काकांनी विचारलं की १९४२ च्या ऑगस्टमध्ये आष्टी आणि चिमूरनं इंग्रजांविरुद्ध रक्त सांडलं, मग त्याच इंग्रजांच्या लढाईसाठी राबलेल्यांचा गौरव कसा करायचा? प्रश्न खरा आहे, आणि आष्टी-चिमूरच्या हुतात्म्यांची बरोबरी कोणाशीच करायची नाही. पण खाणीत उतरणारी बाई लढाई कोणाची हे ठरवून उतरली नव्हती. घरात दाणा नव्हता म्हणून ती उतरली. तिच्या कामाची नोंद ठेवली तर हुतात्म्यांचा मान तसूभरही कमी होत नाही.

एका बाबतीत मात्र मी अडून बसणार आहे. देणगीदारांची नावं या दगडावर नकोत. आपल्याकडे देवळातसुद्धा देवापेक्षा देणगीचा फलक मोठा असतो. सिमेंट कोणी दिलं, फरशी कोणाच्या स्मरणार्थ, आमदार निधी कितीचा, हे सगळं पंचायतीच्या वहीत राहू द्या. १९६२ मध्ये संरक्षण निधीला ज्यांनी सोनं दिलं त्यांची पावती त्यांच्या घरी असेल, पण पेटी उचलणाऱ्याकडे पावती नाही.

आता कामाचं. पुतळ्याची ऑर्डर द्यायच्या आधी नावं गोळा करू. ६२, ६५, ७१, कारगिल, आणि कोणाच्या घरी दुसऱ्या महायुद्धाची आठवण असेल तर तीही. डेपो, कारखाना, खाण, रेल्वे, कुठंही काम केलेलं असो, कायम असो की ठेकेदाराकडचं. जुना गेटपास, पगाराची चिठ्ठी, पीएफचा कागद असेल तर उत्तम. नसेल तर सोबत काम केलेल्या दोघांनी सांगितलं तरी पुरे, कारण कागद मागितला तर रोजंदारीवाले सगळे बाहेर पडतील. गुरुजींशी बोलणं झालं आहे, आठवी-नववीची पोरं रविवारी घरोघरी वही घेऊन येतील. मोहल्ला, टोली, बेडा, कोणतीच वस्ती सोडायची नाही. यादी ग्रामसभेत मोठ्यानं वाचू, हरकत असेल तर तिथंच ऐकू, मग ठराव. जवानाचा पुतळा करायचाच असेल तर करा, पण पैसे आधी या दगडाला. साधा काळा दगड, आणि एसटीच्या थांब्याजवळ, जिथं बाजाराला जाणारी बाईही उभी राहून वाचू शकेल.

पोरांना एवढंच सांगून ठेवलं आहे की बाईचं नाव लिहिताना 'अमक्याची बायको' किंवा 'तमक्याची माय' असं लिहायचं नाही. तिचं स्वतःचं नाव विचारायचं, आणि घरात कोणालाच आठवत नसेल तर तिच्या माहेरच्या गावी फोन लावायचा.