रसिकांनी घ्यावयाची काळजी

इंदूरकर रसिकहो, यंदा आपल्या मंडळाच्या कार्यक्रमाला ट्रान्सजेंडर गायिका बोलवायचं घाटत असेल, आणि ती गायिका साधीसुधी नव्हे तर ऑपेरा गाणारी असेल, तर बिचकू नका. आपल्याला या गोष्टीचा शंभर वर्षांचा सराव आहे. तो आहे हे पाहुणीला कळू द्यायचं नाही, एवढंच पथ्य.

ती हॉलमध्ये पाऊल ठेवते न ठेवते तोच बालगंधर्वांचा विषय काढा. १९०५ साली नारायणराव राजहंस किर्लोस्कर मंडळीत आले इथपासून सुरुवात करायची. मग १९११ सालचा ‘मानापमान’चा पहिला प्रयोग. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली, तरी ते नाटकाची नायिका भामिनी होऊन उभे राहिले. घरंदाज बायका त्यांचं बघून नेसायला आणि गजरे माळायला शिकल्या. १९६४ साली पद्मभूषण मिळालं. हे सगळं डोळे मिटून सांगावं, कारण उघडे ठेवले तर समोर बसलेली बाई दिसते. तिनं विचारलंच, की तुमच्या आजीला नारायणरावांचा शालू चालला, मग माझी साडी का खुपते, तर म्हणावं, “अहो, ते सोंग होतं!” पडदा पडला की शालू पेटीत आणि नारायणराव धोतरात. सोंग असेपर्यंत आपण वन्समोअर देतो. सोंग नाही असं कळलं की आपल्याला एकदम घरच्या मुलाबाळांची काळजी वाटू लागते.

ऑपेराला मात्र हसू नका. त्यात माणसं मरता मरता गातात, हे खरं. पण आपली नायिका तेच दुःख वन्समोअर घेऊन तीनदा भोगते, तेव्हा आपण घड्याळ बघत नाही.

मध्यंतरात चहाच्या टेबलाशी पाहुणीला एकटी गाठून, शेजारच्या चार जणांना ऐकू जाईल अशा बेतानं विचारावं, “आवाज असा भरदार कसा हो?” उत्तर खरं तर सोपं आहे. वयात येताना टेस्टोस्टेरॉनमुळे स्वरतंतू एकदा जाड झाले की पुढे इस्ट्रोजेन घेऊन ते पुन्हा बारीक होत नाहीत. त्यामुळे काही ट्रान्स गायिका बॅरिटोनच, म्हणजे पुरुषांच्या भरदार पट्टीतच, गातात. अमेरिकेतल्या टल्सा ऑपेरात २०१९ साली लुसिया लुकास यांनी मोत्झार्टचा डॉन जोव्हानी केला, म्हणजे दिसेल त्या बाईला नादी लावणारा पुरुष. इथे रंग पुसल्यावर बाई उरते. नारायणरावांचं गणित बरोब्बर उलटं, पण हे आपल्या रसिकांना सांगू नये, चिवडा घशाखाली उतरत नाही.

युरोपलाही हसू नका, तिथे तर कमाल होती. आवाज फुटू नये म्हणून वयात येण्याआधीच पोरांना खच्ची करत आणि मग त्यांना डोक्यावर घेऊन नाचत. त्यांच्यातला फारिनेल्ली १७३७ साली माद्रिदला गेला, खिन्न होऊन बसलेल्या राजापुढे गायला आणि वीसेक वर्षं त्या दरबारात राहिला. पुढच्या राजानं त्याला सरदारकीही दिली.

दरबारावरून आठवलं. सूत्रसंचालकाला एक वाक्य पाठच करून द्या: “कलेत राजकारण नको.” बाईंनी भैरवी गायली तर ती कला. घर भाड्यानं मिळत नाही असं माइकवर म्हणाल्या तर ते राजकारण. नातवाच्या जन्मानंतर दाराशी टाळी वाजली की आपण नोटा मोजून आशीर्वाद घेतो, ती संस्कृती. तीच टाळी आपल्या बिल्डिंगमध्ये राहायला आली तर सोसायटीची तातडीची बैठक.

आणि राजकारणात आपलं मध्य प्रदेश काही मागे नाही, ही शेखी जरूर मिरवावी. शबनम मौसी सोहागपूरमधून निवडून आमदार झाल्या, त्या देशातल्या पहिल्या ट्रान्सजेंडर आमदार. कटनीत कमला जान महापौर झाल्या. पण ती जागा पडली महिलांसाठी राखीव, आणि कोर्टानं सांगितलं की कायद्याच्या लेखी या पुरुष. निवडणूक रद्द. मतदारांना बाई दिसली, कोर्टाला बुवा दिसला. पुढे २०१४ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, आपण कोण हे ज्याचं त्यानं ठरवावं. त्यावर २०१९ चा कायदा आला, त्यानं सांगितलं, जरूर ठरवा, फक्त जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून तसं प्रमाणपत्र आणा. (आपण पुरुष आहोत याचा दाखला आपल्या खजिनदारांकडे कुणी मागितल्याचं ऐकिवात नाही.)

खरी कसोटी सत्काराच्या वेळी. बुवांना शाल-श्रीफळ आणि बाईंना खण-नारळाची ओटी, ही आपली रीत. पाहुणीची ओटी भरायची म्हटल्यावर पहिल्या रांगेतल्या काकूंना एकदम गुडघेदुखी आठवते. शाल द्यावी, तर ती बाई आहे असं पत्रिकेत आपणच छापलेलं. अशा वेळी भिया, डोकं चालवायचं. नारळ दोन्हीकडे लागतो ना? मग नुसता नारळच द्यावा. अध्यक्षांनी तो लांबूनच पुढे करावा, फोटोत नमस्कार केल्यासारखं दिसतं. ना शाल, ना खण, खजिनदार खूष.

वाचलेल्या पैशांत राजवाड्यापाशी मोठा फ्लेक्स लावावा: ‘कलेला लिंग नसते.’ खाली अध्यक्ष, उपाध्यक्ष, इच्छुक पार्षद आणि त्यांचे चिरंजीव यांचे हात जोडलेले फोटो. जागा पुरली नाही तर गायिकेचा गाळावा.