एकहाती, कमी चाललेली

घरात होडी घ्यायची असं मी जाहीर केलं तेव्हा आई देवघरात होती. तिथूनच ओरडली, "घे बापा, होंडा चांगली. अ‍ॅव्हरेज मस्त देते."

"होंडा नाही आई, होडी. शिडाची. वाऱ्यावर चालते."

आई क्षणभर थांबली. "मंग तं अ‍ॅव्हरेज लयच असन."

आम्ही नागपूरचे. स्टेशनवरच्या पिवळ्या पाटीनुसार समुद्रसपाटीपासून तीनशे मीटर वर, आणि समुद्रापासून किती दूर ते समृद्धी महामार्गाला विचारा. ७०१ किलोमीटर गेल्यावर कुठे मुंबईच्या वेशीशी पोचता. भोसल्यांची फौज पार कटकपर्यंत धडकली, पण घोड्यावरून. आमच्या झिरो माइलजवळही चार घोडेच आहेत, होडी एकही नाही. तरी मला ही उबळ आली, कारण लेक एनसीसीच्या नौदल शाखेत गेली. तिथं शीड म्हणजे काय ते तिला कळलं आणि घरातलं प्रत्येक फडकं वाऱ्यावर धरून पाहायची तिला सवय लागली. मग एका रात्री मी दिलीप दोंद्यांबद्दल वाचलं. हा मराठी माणूस २००९-१० मध्ये 'म्हादेई' घेऊन एकटा जगाला फेरी मारून आला. मला जग नको होतं. गावातला अंबाझरी तलाव पुरे होता.

लेकीला शर्यत जिंकायची होती. बायकोला सतरंजी, थर्मॉस आणि आलुबोंड्यांचा डबा घेऊन निवांत फिरायचं होतं. आणि नवी बोट परवडणार नव्हती. तेव्हा एकच जुनी बोट, जी रविवारी सकाळी शर्यत मारेल आणि संध्याकाळी सहल काढेल. जुन्या स्कूटरपेक्षा काय वेगळं असणार, असं मला वाटलं.

वेगळं असतं. सहलीची बोट रुंद, जड, म्हशीसारखी शांत हवी. शर्यतीची हलकी आणि चवचाल. जी जिंकते ती उलटतेही लवकर.

महिनाभर मी एवढंच वाचत होतो. पहिली आवडली ती वेफेअरर. इयन प्रॉक्टरनं १९५७ मध्ये आखलेली, सोळा फुटांना दोन इंच कमी, नुसती बोटच १६९ किलो. फ्रँक डाय नावाचा गडी १९६३ साली ही उघडी होडी घेऊन स्कॉटलंडहून आइसलंडला गेला, असं मी जेवताना मोठ्या कौतुकानं सांगितलं. बायको म्हणाली, "घरी काही काम नव्हतं का त्याला?"

मग लेझर. फक्त ५९ किलो. नेत्रा कुमनन टोकियोच्या ऑलिंपिकला गेली ती याच जातीच्या बोटीतून. लेकीचे डोळे चमकले. पण ती बोट एकट्यानं चालवायची. "म्हणजे बाकीच्यांनी काठावर बसून आलुबोंडे खायचे," बायकोनं निकाल दिला. उरली एंटरप्राइझ. जॅक होल्टनं १९५६ मध्ये काढलेली, सव्वातेरा फूट, निळ्या शिडांची. शर्यतीला दोघं, आणि सहलीला तिसरा कोंबता येतो, ऑटोत कोंबतात तसा. शिवाय एनसीसीत याच बोटी असतात. शर्यत लावायची तर समोर त्याच जातीची दुसरी बोट लागते. नाहीतर आपण एकटेच पहिले आणि एकटेच शेवटले.

बायकोची एक शंका मात्र मला शेवटपर्यंत फेडता आली नाही. समोरून वारा असला तर शीडहोडी नाकासमोर जात नाही, पंचेचाळीस अंश तिरपी डावीकडे, मग तिरपी उजवीकडे, अशी नागमोडी जाते, हे मी तिला ताटात चमचा फिरवून समजावलं. ती म्हणाली, "जिथं जायचं तिथं सरळ जातच नाही? मग बर्डीवरची वन-वे काय वाईट आहे?" शेवटी मी २०२३ चा सप्टेंबर काढला. अंबाझरी ओसंडला तेव्हा घराघरांतून माणसं होड्यांनीच काढावी लागली होती. यावर ती गप्प झाली. पटल्यामुळे नव्हे, मी किती खाली उतरू शकतो ते तिला कळलं म्हणून.

होडी तलावात टाकायला परवानगी कुठं मिळते हे विचारायला एका खिडकीवर गेलो, तर आतल्या साहेबांनी चष्म्यावरून पाहून विचारलं, "पार्किंग आहे का?" तो विषय मी तिथंच सोडला.

एका निवृत्त नौदल अधिकाऱ्यांच्या आवारात एंटरप्राइझ आहे असं कळलं. 'कमी चाललेली' हा त्यांचाच शब्द. मी आमच्या मेकॅनिकला सोबत घेतलं, कारण त्यानं आयुष्यात मला एकही भंगार गाडी घेऊ दिली नाही.

चिंचेखाली बोट पालथी घातली होती. फायबरची. मी वाचून गेलो होतो की नाण्यानं ठोकत जायचं; टणटणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर आतले थर सुटलेत. मेकॅनिकला फार शिकवावं लागलं नाही. "टरबूजासारखंच ना भाऊ?" म्हणून त्यानं कान लावला आणि नाळेपासून मागच्या टोकापर्यंत ठोकत गेला. टण, टण, टण. सेंटरबोर्डच्या, म्हणजे तळातून पाण्यात सोडायच्या फळीच्या, खाचेपाशी आला तसं थप. त्यानं माझ्याकडे पाहिलं. पुन्हा ठोकलं. थप. "इथं पिकलं आहे," तो म्हणाला. साहेबांनी चिंचेकडे पाहत एकदम दोन हजार उतरवले.

डोलकाठीवर कपडे वाळत होते. ते काढून आम्ही तिच्या खोबणीला डोळा लावला; सरळ होती, फक्त साबणाचा वास येत होता. ट्रेलर दिसताच मात्र मेकॅनिक घरी आल्यासारखा बसला. "होडीचं मला समजत नाही साहेब, पण याची बेअरिंग गेली." पाऊण तास तो चाकाखालून बाहेर आला नाही.

"आता शीड दाखवा," मी म्हटलं. शिडाला पाण्यापेक्षा ऊन खातं. चांगलं कापड हातात पापडासारखं कुरकुरतं, संपलेलं जुन्या धोतरासारखं लोळतं.

साहेब गप्प. त्यांच्या बाईंनी घराच्या मागे बोट दाखवलं. तिथं खिडकीला कूलर होता, आणि कूलरवर चार बांबू रोवून एक निळं छत ताणलं होतं. छताच्या कोपऱ्यात 'ई' हे अक्षर स्पष्ट दिसत होतं.

"उन्हानं टाकीतलं पाणी तापून राह्यलं होतं," बाई म्हणाल्या. "हे बांधलं तवापासून हॉल कसा गार!"

"किती उन्हाळे झाले?"

"हा चौथा."

मी काठीनं कोपरा खाली ओढून चिमटीत धरला. कुरकुरण्याचा प्रश्नच नव्हता. थोडंसं चिमटीतच राहिलं.

"पुढचं छोटं शीड कोरं आहे, पेटीत," साहेब घाईनं म्हणाले. "हेही देतो, पण मृग लागल्यावर. आत्ता काढलं तर मला हॉलमध्ये झोपता यायचं नाही."

मी बयाणा दिला. का दिला ते घरी कसं सांगावं याचा विचार करत होतो, तेवढ्यात मेकॅनिक हात पुसत कूलरपाशी गेला. कान लावून म्हणाला, "याचं पण बुश गेलं आहे." पान्यानं त्यानं ते तिथंच आवळून दिलं. कूलरची घरघर थांबली आणि बाईंनी बोटीचे पाचशे रुपये आणखी कमी केले.