खुलासा : अॅरप होल्स्टी ही एकच प्रजाती

जपानी मातीतील गोमेविषयी सध्या एक मजकूर फिरत आहे. त्यात ‘मेसिस्टोसेफॅलस होल्स्टी’ आणि ‘अॅरप होल्स्टी’ हे शंभर पायांचे दोन वेगळे कीटक असल्याचे म्हटले आहे. हे विधान चुकीचे आहे.

ही एकच प्रजाती आहे. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ पोकॉक यांनी १८९५ मध्ये तिचे वर्णन केले, तेव्हा ती मेसिस्टोसेफॅलस या प्रजातीगटात ठेवली होती. पुढे ती प्रोलॅमनॉनिक्स या गटातही गणली गेली आणि तो गट अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ चेंबरलिन यांनी १९१२ मध्ये मांडलेल्या अॅरपपासून वेगळा नसल्याचे ठरल्यावर आजचे नाव रूढ झाले. म्हणूनच शास्त्रीय यादीत ‘पोकॉक, १८९५’ हे शब्द कंसात छापतात : मूळ वर्णनकर्ता तोच, गट मात्र बदललेला, एवढाच त्या कंसाचा अर्थ. तो छोटासा कंस नजरेआड झाला, की एका प्राण्याचे दोन प्राणी होतात, आणि माझ्या मते इथे नेमके तेच घडले आहे.

गोम कीटकही नाही. कीटकांना पायांच्या तीनच जोड्या असतात. अॅरपच्या अंगावर ४१ जोड्या, म्हणजे ८२ पाय असतात आणि डोक्याखालच्या विषारी नख्या त्यांत मोजत नाहीत. मातीतील गोमांच्या या संपूर्ण गणात जोड्यांची संख्या विषम असते, त्यामुळे शंभर पाय, म्हणजे ५० जोड्या, संभवतच नाहीत. या गणातील गोमांना डोळेही नसतात.