दवाखान्यात जायचंय? आधी तब्येत कमवा

हल्ली फॅमिली डॉक्टर उरले नाहीत, अशी हळहळ पुण्यात फार ऐकू येते. साफ खोटं आहे. डॉक्टर आहेत, दवाखाना आहे, दारावर पाटीसुद्धा आहे. तुम्हाला आत शिरता येत नाही, हा तुमचा नालायकपणा. गेल्या आठवड्यात आईच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी नव्याने लिहून आणण्याचं महत्कार्य अस्मादिकांच्या हातून पार पडलं. त्यात जे ज्ञान प्राप्त झालं ते कोथरूडपासून हडपसरपर्यंतच्या तमाम रुग्णांच्या चरणी ठेवतो.

सर्वप्रथम, ताप वेळेत आणावा. सकाळी दहा ते एक, संध्याकाळी सहा ते नऊ. दुपारी अडीचला कण्हणारा माणूस मुळात बेशिस्त असतो. रविवारी धडधाकट राहा.

तारीखही बघा. दवाखान्यासमोर सम-विषमचं पार्किंग असतं. चुकीच्या तारखेला शिंकलात, की खाली येईपर्यंत गाडी टोइंगवाल्याबरोबर गेलेली असते.

फोन करायचा मोह टाळा. पाटीवरचा नंबर शोभेचा असतो. कधीमधी उचलला गेलाच तर "नंबर इथे येऊन लावावा लागतो" असं ऐकायला मिळतं, आणि तिथे गेल्यावर "अहो, फोन करून यायचं ना!" दोन्ही वाक्यं नंबर लावणाऱ्या एकच मॅडम बोलतात, त्यामुळे आवाज ओळखीचा वाटतो.

ॲपवरून वेळ घेतलीत तर फारच उत्तम. सव्वासहाची वेळ मिळेल. सव्वासहा म्हणजे डॉक्टर घरून निघायचा विचार करू लागतात ती वेळ. तुमच्याबरोबर आणखी आठ-दहा सव्वासहावाले बसलेले असतात, त्यांच्याशी ओळख वाढवा. कोणी "मला नुसते रिपोर्ट दाखवायचेत" म्हणत आत घुसला तर कुरकुरू नका. पुढच्या वेळी तुम्हालाही हेच म्हणायचंय. आणि कडक इस्त्रीच्या शर्टातले, जाडजूड बॅगा घेतलेले औषध कंपन्यांचे तरुण एकामागून एक आत जाऊ लागले, की समजा आता खरं काम सुरू झालं. त्यांना खोकला नसतो, पण त्यांचा नंबर आधी असतो.

आता मुख्य धडा: जुन्याच गोळ्यांची नवी चिठ्ठी कशी मिळवावी. औषधवाला जुन्या चिठ्ठीवर गोळ्या देत नाही. बरोबरच करतो, चिठ्ठीशिवाय विकू नये असं पाकिटावरच छापलेलं असतं. तेव्हा जुना कागद घेऊन दवाखान्यात जा. मॅडम म्हणतील, "पेशंटला आणा." तुम्ही सांगा की आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, गुडघे गेलेत, दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्टला 'बंद आहे' ही पाटी कायमची. मॅडम म्हणतील, "सर पेशंटला बघितल्याशिवाय लिहून देत नाहीत." वा! केवढी ही निष्ठा! मग आईला रिक्षात घाला. कठड्याला धरून, प्रत्येक वळणावर थांबत वर न्या. बाहेर बसवा. ती "अजून किती वेळ रे?" असं विचारेल तेव्हा भिंतीवरच्या औषध कंपनीच्या कॅलेंडरकडे बघा. दीडएक तासाने आत जा. डॉक्टर जुना कागद बघतील, आईकडे नाही. "काही त्रास?" "नाही." "चालू ठेवा." तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजेल. संपलं. पट्टा बांधला नाही. रक्तदाब मोजलाच नाही! अहो, मग बोलावलंत कशाला तिला? त्या कागदाला सोबत म्हणून? पट्टा टेबलावरच होता, हाताच्या अंतरावर. आईनेच विचारलं, "बीपी बघणार नाही का?" त्यावर, "नॉर्मलच असेल आजी, काळजी नको." 'असेल' म्हणे! आणि फी पूर्ण, तीही रोख.

चिठ्ठी वाचायचा प्रयत्न करू नका. २०१६ पासून नियम असा आहे की औषधांची जेनेरिक, म्हणजे कंपनीची नव्हे तर मूळ औषधाची, नावं सुवाच्य, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावीत. पण कला नियमांत बसत नाही.

पावती मागू नका. मागितलीत तर चेहऱ्यावर अपराधी भाव ठेवा.

फी किती, हे आधी विचारणं असभ्यपणाचं. वास्तविक डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेतच लिहिलंय की फी आणि इतर आकार दवाखान्यातल्या फलकावर स्पष्ट लावावेत. आमच्या दवाखान्यात फलक भरपूर आहेत. चपला बाहेर काढा, मोबाईल बंद ठेवा, मोठ्याने बोलू नका, सुट्टे पैसे द्या. फीचा तेवढा राहिला असावा, जागेअभावी.

डॉक्टर, आता सरळच बोलतो. तुमच्यावर ताण आहे, मान्य. आमच्यातले अर्धे लोक नंबर मोडतात, गुगल वाचून येऊन तुमच्याशीच वाद घालतात, तेही मान्य. पण जुन्या पेशंटच्या त्याच गोळ्या पुन्हा लिहून द्यायला दोन जिने चढवायची गरज नाही. २५ मार्च २०२० ला केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची, म्हणजे दुरून उपचार करण्याची, मार्गदर्शक तत्त्वं काढली. प्रत्यक्ष तपासणी होऊन सहा महिने उलटले नसतील, आजार तोच असेल, तर फोनवर बोलून, व्हिडिओवर बघून औषध पुढे चालू ठेवता येतं. चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवलेला चालतो. त्याची फी घ्यायलाही मुभा आहे. घ्या ना, कोण नाही म्हणतंय? आणि तुम्हाला वाटलं की पेशंटला समोर बघायलाच हवं, तर तोही तुमचाच अधिकार. जरूर बोलवा. पण बोलावलंत तर बघा. पट्टा बांधा, पाय सुजलेत का बघा, चक्कर येते का विचारा. घरातून न हलणाऱ्या माणसाला तुमच्या दारापर्यंत आणायला एका मुलाची रजा जाते आणि त्या माणसाचा पुढचा दिवस अंथरुणात.

बॅगवाल्यांना दुपारी एकनंतर बोलवा. वेळ पाळता येणार नसेल तर देऊ नका. उशीर होणार असेल तर मॅडमना एक मेसेज टाकायला सांगा, आमचे सगळ्यांचे नंबर तुमच्या वहीत आहेत. आणि त्या लिफ्टचं सोसायटीशी जे काय भांडण असेल ते मिटवा एकदाचं.