‘बाइट मोजता येत नसतील तर सी लिहू नका’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रिया तिखट आहे, पण निम्मी बरोबर असल्यामुळे राग काही आला नाही. सी भाषेत स्ट्रिंग (मजकूर) जोडताना जागेचा हिशोब हाताने करू नका, सरळ एएसप्रिंटएफ (लागेल तेवढी मेमरी स्वतःच घेणारं फंक्शन) वापरा, असं मी आधीच्या लेखात लिहिलं होतं. तुमचं म्हणणं: ते सीच्या अधिकृत प्रमाणात (स्टँडर्डमध्ये) नाही, लूपमध्ये संथ आहे, २५६ बाइटचा बफर (आधीच ठरवून ठेवलेली जागा) आणि एसएनप्रिंटएफ (दिलेल्या जागेपुरतंच लिहिणारं फंक्शन) एवढ्यावर सगळं भागतं, आणि ज्याला बाइट मोजता येत नाहीत त्याने सी लिहू नये.

आधी माझी चूक. लेखातल्या उदाहरणात मी एएसप्रिंटएफने परत दिलेला आकडा तपासलाच नव्हता. मेमरी मिळाली नाही तर ते उणे एक देतं, आणि तेव्हा त्याने दिलेल्या पॉइंटरवर (मेमरीतल्या पत्त्यावर) भरवसा ठेवता येत नाही. तपासणी आता घातली आहे. लूपचा मुद्दाही मान्य. दर फेरीला जुनी स्ट्रिंग नव्यात ओतत गेलं तर काम फेऱ्यांच्या वर्गाच्या हिशोबाने वाढतं, आणि जुनी फ्री करायला (तिची मेमरी परत द्यायला) विसरलो की मेमरीची गळती वेगळीच. तिथे ओपन_मेमस्ट्रीम घ्यावं: फाइलमध्ये लिहिल्यासारखं एफप्रिंटएफ करत राहायचं, बफर आपोआप वाढतो, एफक्लोजनंतर पॉइंटर आणि लांबी हातात, शेवटी फ्री. प्रमाणाचं म्हणाल तर सीच्या नाही, पण २०२४ च्या पॉझिक्समध्ये (युनिक्ससारख्या सिस्टिमसाठीच्या प्रमाणात) एएसप्रिंटएफ आलं आहे.

आता तुम्ही ‘सुरक्षित’ म्हणून दिलेली ती ओळ. एसएनप्रिंटएफ जो आकडा देतं तो पोझमध्ये (कुठवर लिहून झालं ते ठेवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) मिळवायचा, आणि पुढच्या वेळी जागा म्हणून २५६ वजा पोझ द्यायचं. समजा पोझ २५० वर आहे आणि २० बाइटचा मजकूर आला. जागा ६ ची, म्हणून लिहिले जातात ५ बाइट आणि शेवटचा शून्य. पण परत येतो २०, कारण ‘जागा असती तर किती लिहिलं असतं’ हेच ते सांगतं. पोझ झाला २७०. पुढच्या फेरीत २५६ वजा २७०, उणे १४. जागेचं माप ज्या प्रकारात जातं त्या साइझ_टीला उणे माहीतच नाही, तेव्हा ६४-बिट मशीनवर शिल्लक जागा निघते १८४४६७४४०७३७०९५५१६०२ बाइट! आणि लिखाण सुरू होतं बफरच्या १४ बाइट पलीकडून. बाइट मोजूनच तर हे झालं. लिनक्स कर्नलवाल्यांनी खरोखर लिहिलेलेच बाइट सांगणारं एससीएनप्रिंटएफ वेगळं ठेवलंय ते उगाच नाही.

बरं, फक्त तोडलं आणि थांबलो, तरी आपल्याकडे भागत नाही. एका सोसायटीच्या पावत्यांचा प्रोग्रॅम मी लिहिला होता, त्यात राज्याच्या नावाला २० बाइट. ‘महाराष्ट्र’ वाचताना चार अक्षरं. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत) १० संकेत, प्रत्येकी ३ बाइट, एकूण ३०. बफरमध्ये मावले १९: ‘महाराष’ आणि पुढे पाय मोडण्याच्या खुणेचा पहिला, एकटा बाइट. पावतीवर ‘महाराष’ आणि एक चौकोन. सेक्रेटरीकाकांनी तो चौकोन पेनाने खोडून पावत्या वाटल्या, मला महिनाभर पत्ता नाही.

एएसप्रिंटएफ नसलेल्या ठिकाणी स्वतःचं फंक्शन लिहायला दहाएक ओळी लागतात. व्हीएसएनप्रिंटएफला (एसएनप्रिंटएफचंच, आर्ग्युमेंटची यादी घेणारं रूप) आधी नल (रिकामा पॉइंटर) आणि शून्य देऊन लांबी विचारायची, एक मिळवून तेवढी मेमरी मॅलॉकने मागायची, मग पुन्हा तेच खऱ्या बफरवर. मधे व्हीए_कॉपी (त्या यादीची प्रत घेणं) विसरू नका. मी विसरलो होतो. ३२-बिटवर वर्षभर छान चाललं आणि ६४-बिटवर पहिल्याच दिवशी कोसळलं.

तुमच्या प्रोग्रॅमला २५६ च्या पुढे जाणारी एक नोंद ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) लावून देऊन बघा. काय दिसलं ते इथेच लिहा, मी वाट बघतोय.